निकेल यांचे देणे

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या मागच्या अंगाला, मन्रो आणि कोलंबस हे रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर, भाजलेल्या मातीची एक मोठी कमान एकटीच उभी आहे. तिला दार नाही आणि पलीकडे इमारतही नाही. शहर पाहायला आलेले लोक तिच्याखाली उभे राहून फोटो काढतात आणि तळ्याकडे निघून जातात. शिकागो स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीचे हे प्रवेशद्वार. तेरा मजल्यांची ती इमारत डँकमार ॲडलर आणि लुई सलिव्हन यांनी रचली; १८९४ साली पुरी झाली आणि १९७२ साली पाडली गेली. पाडकाम चालू असताना तिच्यातले जेवढे वाचेल तेवढे वाचवायला आत गेलेले रिचर्ड निकेल नावाचे छायाचित्रकार तिच्याच ढिगाऱ्याखाली सापडले.

या गृहस्थांना मी कधी पाहिले नाही. ते गेले तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. पण आज मी जे काम करते आणि ज्या रीतीने करते, त्यातले बरेचसे त्यांच्याकडून आलेले आहे. काही त्यांच्या फोटोंतून, काही त्यांच्याविषयी वाचून, आणि काही त्यांनी ज्या इमारतींवर जीव लावला त्या इमारतींकडून. हे देणे फिटणारे नाही. निदान ते कबूल करावे म्हणून लिहायला बसले.

मी मिरजेची. घर भाड्याचे, माणसे नोकरदार. जुन्या वास्तूंचा सोस घरात कुणाला असण्याचे कारण नव्हते. स्थापत्याची पदवी घेतली तेव्हा डोक्यात उंच इमारतींशिवाय दुसरे काही नव्हते. शिकागोतल्या सियर्स टॉवर आणि जॉन हॅनकॉक सेंटर यांचे सांगाडे वाऱ्याला कसे तोंड देतात हे पुस्तकात वाचले होते. ते रचणारे फझलूर खान मूळचे ढाक्याचे, हे कळल्यावर तर शिकागोला जायचे हे ठरूनच गेले. नव्वदच्या दशकात इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला. खान तिथे शिकवीत असत. मी पोचले तेव्हा त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, पण त्यांचे नाव रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असे.

तिथला क्राउन हॉल म्हणजे मीस व्हॅन डेर रोहे यांची १९५६ सालची इमारत. आत एकही खांब नाही; २२० फूट लांब आणि १२० फूट रुंद छत चार मोठ्या पोलादी तुळयांना वरून टांगलेले. तिची गणिते आम्ही आवडीने सोडवली. त्या जागेवर आधी काय होते, हा प्रश्न मला सुचलासुद्धा नाही. तिथे मेक्का नावाची प्रचंड चाळवजा इमारत होती. १८९२ साली बांधलेली, आत काचेच्या छपराखाली दोन मोठे चौक, चौकांभोवती लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या. पुढे तिच्यात शेकडो कृष्णवर्णीय कुटुंबे दाटीवाटीने राहिली. १९५२ साली ती पाडली आणि मग क्राउन हॉल उभा राहिला. २०१८ साली तिथल्या खोदकामात मेक्काच्या तळघराच्या फरशा सापडल्या तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेले. ज्या आवारात मी शिकले, त्याच्या जमिनीखाली लोकांची घरे होती आणि मला ते इतक्या उशिरा कळत होते. आजही क्राउन हॉल मला फार आवडतो. आता त्याच्याकडे पाहताना मेक्काही आठवते, एवढेच.

आवाराच्या पूर्वेला थोडे चालत गेले की इंडियाना रस्त्यावर पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च लागे. जाडजूड चुनखडीच्या भिंती, वर पत्र्याने मढवलेला उंच भाग. खोलीवरच्या मैत्रिणीबरोबर एका रविवारी मी आत गेले होते. तिथले गाणे मी विसरलेले नाही. आधुनिक गॉस्पेल संगीताचे जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी याच चर्चचे संगीत सांभाळत. पण मुळात ते चर्च नव्हतेच. १८९१ साली ॲडलर आणि सलिव्हन यांनी ते यहुदी प्रार्थनास्थळ म्हणून बांधले. ॲडलर यांचे वडील त्याच समाजाचे रब्बाय होते. १९२२ साली ते कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट मंडळींकडे आले. त्या दिवशी यातले मला काहीच माहीत नव्हते. छत डोक्यावर किती सुरेख वळले आहे आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत कसा स्वच्छ पोचतो, एवढे मात्र जाणवले होते.

शिक्षण संपल्यावर नव्या उंच इमारती रचणाऱ्या कचेरीत जागा मिळाली नाही. मिळाली ती जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंती तपासणाऱ्या एका लहान कंपनीत. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंतींची ठरावीक काळाने तपासणी करावी, असा शहराचा नियम आहे. न्यू यॉर्कमध्ये १९७९ साली एका इमारतीचा तुकडा रस्त्यावर पडून बर्नार्ड कॉलेजची विद्यार्थिनी मृत्युमुखी पडली आणि पुढच्याच वर्षी तिथे असा कायदा झाला. त्याचा एक परिणाम कुणाच्या मनात नसेल असा झाला. तपासणी आणि डागडुजीचा खर्च टाळायला अनेक मालकांनी कॉर्निस, पाने-फुले, मुखवटे, जे जे भिंतीबाहेर आले होते ते छाटून टाकले. मी नोकरीला लागले तेव्हा मलाही हा मार्ग सरळ आणि सुरक्षित वाटे. आईला फोनवर कामाचे सांगितले तर ती म्हणाली, “अगं, तू नवीन इमारती बांधायला गेलीस ना तिकडे? मग हे जुन्याचं काय घेऊन बसलीस?” माझ्याकडे उत्तर नव्हते. चांगले काम मिळेपर्यंत हे करायचे, असेच मी मनाशी धरले होते.

काम शिकवले ते आमच्या चमूतल्या एका वयस्क गवंड्यांनी. छतावरून दोरांनी सोडलेल्या पाळण्यात दोघांनी उभे राहायचे आणि भिंतीवरून हळूहळू खाली यायचे. हातात लाकडी हातोडी. भाजलेल्या मातीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ती हलकेच आपटायची आणि आवाज ऐकायचा. आपण बाजारात माठ घेताना टिचकी मारून पाहतो, तसेच ते. ठोकळा शाबूत असला तर खणखणीत वाजतो. आतून तडकलेला असला तर भद्द आवाज येतो. बाहेरून चकचकीत मुलामा जसाच्या तसा असतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. हे ठोकळे आतून पोकळ असतात आणि पोलादी आकड्यांनी मागच्या सांगाड्याला अडकवलेले असतात. दरजांमधला मसाला सुटला की पाणी आत शिरते, आकडा गंजतो. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि तो फुगत गेला की आतून ठोकळ्याला फोडतो. म्हणजे दोष मातीचा नसतो. तो आत शिरलेल्या पाण्याचा आणि न भरलेल्या दरजांचा असतो.

आवाज ओळखायला मी लवकर शिकले. बघायला शिकायला वेळ लागला. एकदा लूपमधल्या, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागातल्या, एका जुन्या इमारतीच्या नवव्या मजल्यावरचा फुटका ठोकळा आम्ही उतरवला. समोरून त्यावर गुंतलेल्या वेलीची नक्षी होती. गवंडीबुवांनी तो पाळण्याच्या फळीवर पालथा ठेवला आणि मला वाकून पाहायला सांगितले. मागे मातीच्या आडव्या-उभ्या फासळ्या, त्यांच्यामधल्या कप्प्यांत बोटांचे ठसे. चार बोटे आणि अंगठा, स्पष्ट. ओली माती प्लास्टरच्या साच्यात हाताने दाबून बसवायची, ती बसवणाऱ्या कामगाराची ती बोटे. कडेला ओल्या मातीतच ओरखडलेला आकडा. हा तुकडा भिंतीत कुठे बसवायचा, ते सांगणारा. शंभर वर्षांत तो ठसा कुणी पाहिलेला नव्हता. मी कितीतरी वेळ वाकून बसले. ते म्हणाले, “आपण ठोकळे मोजतो, पण प्रत्येकामागं एक माणूस असतो. निकेलचं पुस्तक वाच, मी आणून देतो.”

त्यांनी आणून दिलेले पुस्तक म्हणजे रिचर्ड केहन यांनी लिहिलेले निकेल यांचे चरित्र, ‘दे ऑल फॉल डाउन’. ते मी वाचले आणि माझ्या कामाला पहिल्यांदाच काही अर्थ आला.

निकेल यांचा जन्म १९२८ सालचा, शिकागोतल्याच एका पोलिश कुटुंबातला. मी ज्या संस्थेत शिकले तिच्याच डिझाइन विभागात ते छायाचित्रण शिकले. तिथे ॲरन सिस्किंड या गुरूंनी विद्यार्थ्यांना सलिव्हन यांच्या इमारतींचे फोटो काढण्याचा उपक्रम दिला. इतरांचा तो अभ्यासक्रमाबरोबर संपला, निकेल यांचा नाही. ॲडलर आणि सलिव्हन यांच्या प्रत्येक इमारतीचा शोध घ्यायचा, प्रत्येकीचे नीट चित्रण करायचे आणि एक समग्र ग्रंथ करायचा, असे त्यांनी मनावर घेतले. पुढची वीसेक वर्षे ते तेच करत राहिले. पण ते जसजसे इमारती शोधत गेले तसतशा त्या पडत गेल्या. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेतल्या शहरांत नवे रस्ते, गाड्या ठेवायच्या जागा आणि नव्या कचेऱ्या यांच्यासाठी जुन्या इमारती भराभर जात होत्या.

१९६० साली गॅरिक थिएटरची पाळी आली. १८९२ सालची सतरा मजल्यांची इमारत, मूळ नाव शिलर. निकेल फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. त्यांच्याबरोबर वास्तुविशारद, विद्यार्थी, साधी माणसे आली. महापौर डेली यांनी पाडकामाचा परवाना अडवूनही धरला. पण मालक न्यायालयात गेले आणि जिंकले. इमारत सुंदर आहे एवढ्यावर मालकाचा हात अडवण्याची सोय तेव्हाच्या कायद्यात नव्हती. १९६१ साली गॅरिक पाडले, तिथे गाड्या ठेवायची इमारत आली. मग निकेल यांनी दुसरा मार्ग धरला. पाडकाम चालू असताना जॉन विन्सी यांच्यासारख्या तरुण सोबत्यांना घेऊन आत शिरायचे आणि छिन्नी-हातोड्याने नक्षीचे तुकडे सोडवून आणायचे. धूळ, थंडी, डोक्यावर लोंबते छत. आणलेले तुकडे ठेवायला जागा नसे. आईवडिलांच्या घराच्या अंगणात त्यांच्या राशी लागल्या. त्यांतला मोठा संग्रह पुढे सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या एडवर्ड्सव्हिल इथल्या शाखेने घेतला.

मी हे वाचत होते आणि दिवसा पाळण्यातून तशाच तुकड्यांवर ‘काढून टाकावा’ असा शेरा मारत होते. तुकडा वाचवायचा म्हणजे काय कष्ट असतात, हे ज्या माणसाने अंगावर काढले, त्याच्यासमोर आपला शेरा किती घाईचा आहे, असे वाटू लागले. कुणी मला बोलले नव्हते. माझे मलाच वाटत होते.

स्टॉक एक्स्चेंज ही निकेल यांची शेवटची झुंज. १९६८ साली शिकागोने वारसा इमारतींचा नियम केला होता आणि त्यासाठी नेमलेल्या आयोगाने या इमारतीची शिफारसही केली होती. पण शहराच्या कौन्सिलने ती नाकारली. १९७१ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी पाडकाम सुरू झाले. आतले ट्रेडिंग रूम, म्हणजे जिथे शेअरांचे सौदे होत ते दोन मजली उंचीचे दालन, विन्सी आणि निकेल यांनी तुकड्या-तुकड्यांनी उतरवून घेतले. पुढे काही महिने निकेल उरलेल्या नक्षीसाठी येत राहिले. १३ एप्रिल १९७२ रोजी ते एकटेच आत गेले आणि परतले नाहीत. सव्वीस दिवसांनी, ९ मे रोजी, त्यांचा देह तळघराच्या ढिगाऱ्यात मिळाला. वय त्रेचाळीस. जूनमध्ये त्यांचे लग्न ठरले होते.

त्यांनी जीव धोक्यात घालायला नको होता, असे मला वाटते. सुरक्षेची कामे करते म्हणून तर फारच वाटते. अशा इमारतीत एकट्याने पाऊल टाकणाऱ्याला मी आज थांबवीन. पण ते आत गेले कशासाठी, हे मला कळते. तुकडे वाचवून इमारत वाचत नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हते. तरी जे हाती लागेल ते सोडून देणे त्यांना जमले नाही.

आर्ट इन्स्टिट्यूटने १९७६-७७ साली ते दालन आपल्या वास्तूत विन्सी यांच्याकडून पुन्हा उभारून घेतले. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मी भिंतींवरच्या, साच्याने रंगवलेल्या नक्षीपुढेच थांबले. हिरवे, सोनेरी, मातकट लाल, निळसर. एकेका नक्षीत पन्नासेक रंगछटा आहेत म्हणतात. लांबून ते सगळे मिळून एकच ऊबदार रंग दिसतो, जवळ गेले की एकेक छटा वेगळी होते. निकेल आणि विन्सी यांना ही नक्षी रंगांच्या थरांखालून शोधून काढावी लागली होती. तिथल्या बाकावर बसून मी ठरवले की ‘चांगले काम’ मिळण्याची वाट पाहायची नाही.

त्यानंतर त्यांच्या फोटोंपाशी बसून मी पाहायला शिकले. हे म्हणताना जरा संकोच होतो, कारण मी छायाचित्रकार नाही. पण नक्षीचा फोटो काढायचा तर ऊन भिंतीला घासून तिरके आले पाहिजे, नाहीतर खोली दिसत नाही; आधी पूर्ण इमारत, मग मजला, मग एकच कोपरा, असे टप्प्याटप्प्याने जवळ गेले पाहिजे; आणि फोटोत आजूबाजूचे काहीतरी ओळखीचे आले पाहिजे, म्हणजे आकाराचा अंदाज राहतो; हे मी त्यांच्याकडून घेतले. आमच्या अहवालांत पूर्वी तडा दिसेल एवढाच चौकोन असे. मी अख्ख्या भिंतीचे फोटो ठेवू लागले.

६ जानेवारी २००६ रोजी पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च जळाले. छताची दुरुस्ती चालू होती, ज्योतीचे अवजार वापरले जात होते, त्यातून आग लागली. संध्याकाळपर्यंत छत आणि आतले सारे गेले. दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा रस्त्यावर चर्चची माणसे उभी होती. ओल्या राखेचा वास अख्ख्या चौकात होता. एक आजी कुणाला तरी सांगत होत्या की त्यांचे लग्न इथेच झाले, त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे इथेच. त्यांना सलिव्हन कोण हे माहीत होते की नाही, कोण जाणे, आणि त्याने काही बिघडत नव्हते. त्याच वर्षी सलिव्हन यांच्या आणखी दोन इमारती आगीत गेल्या, वर्ट डेक्स्टर बिल्डिंग आणि जॉर्ज हार्वी यांचे लाकडी घर. निकेल ज्या पाडकामाशी लढले ते समोरून येत होते, तारीख ठरवून, परवाना घेऊन. हे वेगळे होते. वाचवायला गेलेल्या हातांनीच घात झाला होता.

तेव्हापासून मी ज्या कामाची कलमे लिहिते त्यांत जुन्या छतावर उघडी ज्योत वर्ज्य असते. कुठे ज्योत वापरणे भागच असेल तर काम थांबल्यावरही काही तास माणूस राखणीला बसवायचा आणि लाकडाच्या मागे हात घालून ऊब तपासायची. ठेकेदार कुरकुरतात, खर्च वाढतो म्हणतात. खर्च वाढतो हे खरेच आहे.

निकेल यांच्यामुळे सलिव्हन कळले आणि सलिव्हन यांच्यामुळे ॲडलर. मला स्थापत्यकार म्हणून सर्वांत जवळचे वाटतात ते ॲडलरच. त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही, याची खंत वाटते. नक्षी दिसते, पाया दिसत नाही. १८८९ सालचे ऑडिटोरियम पाहा. चार हजारांहून अधिक प्रेक्षकांचे नाट्यगृह, त्याला हॉटेल आणि कचेऱ्यांचा वेढा, वर सतरा मजल्यांचा मनोरा. एकूण वजन लाखभर टन. खाली शिकागोची चिखलासारखी मऊ माती. ॲडलर यांनी लाकूड, काँक्रीट आणि रूळ यांचे रुंद तराफे घालून त्यांवर इमारत ठेवली. मनोरा शेजारच्या भागापेक्षा जास्त खचणार हे ओळखून त्याच्या पायावर आधीच बिडाचे आणि विटांचे ओझे रचले आणि बांधकाम चढेल तसे ते उतरवत गेले, म्हणजे सगळे एकदमच खचावे. तरीही इमारत खचतच राहिली, काही ठिकाणी दोन फुटांहून जास्त. आजही तिथे काही जागी जमिनीचा उतार पायांना कळतो. पण भिंती फुटल्या नाहीत आणि नाट्यगृहात कुजबुजही शेवटच्या रांगेत ऐकू येते. पिलग्रिम चर्चमध्ये त्या रविवारी मी जे ऐकले होते, ते त्यांचेच कसब.

स्टॉक एक्स्चेंजला त्यांनी आणखी एक गोष्ट केली. पश्चिमेच्या भिंतीशेजारी एका वर्तमानपत्राची छपाईयंत्रे होती. साधा पाया घातला तर ती हलतील, म्हणून त्या बाजूला खोल विहिरींसारखे पाये नेले. शिकागोतल्या उंच इमारतींखालच्या अशा पायांत ते अगदी पहिल्यांपैकी. मी शिकलेल्या सगळ्या उंच इमारती अशाच पायांवर उभ्या आहेत. ज्यांच्या ओढीने मी इथे आले त्याच इमारतींचे मूळ मला पाडलेल्या इमारतीखाली सापडले.

ऑडिटोरियम वाचले ते काहीसे नशिबाने. ते पाडण्याचा खर्च जागेच्या किमतीहून अधिक येत होता. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी रंगमंचावर बोलिंगचे पट्टे घातले होते. १९४६ साली रूझवेल्ट कॉलेजने इमारत घेतली, पण नाट्यगृह बंदच. ते उघडले बिअट्रिस स्पाकनर या बाईंनी. कित्येक वर्षे त्या माणसामाणसाकडे जाऊन पैसे गोळा करीत राहिल्या. हॅरी वीज यांनी दुरुस्तीची रचना केली आणि ३१ ऑक्टोबर १९६७ रोजी पडदा वर गेला. निकेल यांच्या वाट्याला पराभव आले, बाईंच्या वाट्याला यश. दोघांनी केले ते सारखेच कष्टाचे होते, असे मला वाटते. कुणाचा डाव कुठे लागेल हे आधी कळत नाही.

निकेल गेल्यानंतर पुष्कळ काही बदलले. त्याआधी न्यू यॉर्कचे पेन स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतले, त्या धक्क्याने १९६५ साली तिथला वारसा कायदा आणि १९६६ साली राष्ट्रीय कायदा आला होता. १९७८ साली ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वारसा इमारत राखण्याचे बंधन शहर मालकावर घालू शकते. सेंट लुइसमधली सलिव्हन यांची वेनराइट बिल्डिंग १९७४ साली मिसूरी राज्य सरकारने कचेऱ्यांसाठी विकत घेतली म्हणून राहिली. आणि उत्पन्न देणारी वारसा इमारत नियमाप्रमाणे दुरुस्त केली तर खर्चाच्या वीस टक्के रक्कम संघीय करातून वजा होते, ही तरतूद झाली. मला विचाराल तर फलकांपेक्षा या वीस टक्क्यांनी जास्त इमारती वाचवल्या. हे निकेल यांना पटले असते की नाही, सांगता येत नाही.

एका मालकांना आपल्या इमारतीवरची सगळी नक्षी उतरवून सपाट पत्रा लावायचा होता. ते वाईट गृहस्थ नव्हते. रस्त्यावर काही पडेल या भीतीने त्यांना झोप लागत नव्हती, आणि ती भीती खोटी नव्हती. मी त्यांना पाळण्यात घेऊन गेले. हातोडी त्यांच्या हातात दिली. एकामागून एक ठोकळे त्यांनीच वाजवून पाहिले आणि भद्द आवाजाचे किती थोडे आहेत हे त्यांना स्वतःच्या कानांनी कळले. तेवढे उतरवले, स्टेनलेस स्टीलच्या आकड्यांनी पुन्हा बसवले, दरजा चुन्याच्या मसाल्याने भरल्या, करसवलतीचा अर्ज केला. माणसाला पुस्तकातून न पटलेले हाताने पटते, हे मला गवंडीबुवांनी शिकवले होते. ते आता हयात नाहीत. त्यांची हातोडी त्यांच्या मुलीने मला दिली आणि मी ती वापरते.

निकेल यांचा समग्र ग्रंथ ‘द कम्प्लीट आर्किटेक्चर ऑफ ॲडलर अँड सलिव्हन’ या नावाने २०१० साली निघाला. विन्सी, वॉर्ड मिलर आणि इतरांनी तो पुरा केला. मुखपृष्ठावर निकेल आणि सिस्किंड यांचीही नावे आहेत. त्यांच्या निगेटिव्ह आणि कागदपत्रे आर्ट इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहेत, मागितली की पाहायला मिळतात.

अलीकडे मला त्यांची गरज पडली. लूपमधल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या चौकटीतला नक्षीचा ठोकळा कधीतरी काढून तिथे सिमेंटचा गोळा लिंपला होता. जोडीचा दुसरा ठोकळा इमारतीवर कुठेच नव्हता. मूळ रेखाचित्रे सापडली नाहीत. निकेल सलिव्हनखेरीज इतरांच्या इमारतीही टिपत, म्हणून त्यांच्या संग्रहात शोधले आणि त्या भिंतीचा फोटो मिळाला. सकाळचे तिरके ऊन, पानांच्या कडा स्पष्ट, आणि शेजारी विटांचे थर. थर मोजले, विटेची उंची भिंतीवर जाऊन मापली, त्यावरून ठोकळ्याचे माप काढले. माती वाळताना आणि भाजताना साधारण बाराव्या हिश्शाने आकसते, त्या हिशेबाने साचा मोठा करून घेतला. पहिला ठोकळा भट्टीत वाकला, दुसरा नीट उतरला आणि मे महिन्यात आम्ही तो बसवला. दुरुस्तीच्या नकाशावर प्रत्येक तुकड्यापुढे तो कशाच्या आधारे केला हे लिहायचा एक रकाना असतो. त्या रकान्यात मी लिहिले: रिचर्ड निकेल यांचा फोटो.